गुम्बिनर साहेबांचा शोकपट

ऑगस्ट गुम्बिनर पूर्वी हातमोजे विकायचे. मग मूकपट काढू लागले, ते एकाच हट्टापायी: अख्खं थिएटर रडवायचं. पाच चित्रपट झाले, कुणाचा डोळा ओला झाला नाही. सहावाही पडला तर पुन्हा हातमोज्यांच्या दुकानात उभं राहावं लागणार, हे मिन्ना ब्रांटला पक्कं ठाऊक होतं. ती त्यांच्याकडे फिल्म कापायची, जोडायची आणि मधल्या पाट्यांवरचे संवाद लिहायची.

त्या काळी लॉस एंजेलिसला घरातले प्रसंगसुद्धा उघड्यावर घेत. तीन भिंती उभ्या करायच्या; छप्पर नाही, कारण ऊन हाच दिवा. सहाव्या चित्रपटातला म्हातारा बाप बंद खोलीत, मिटल्या खिडक्यांआड प्राण सोडत होता आणि समुद्राकडचा वारा त्याची खोटी दाढी उचलून कपाळावर टाकत होता.

"साहेब, पुन्हा घेऊ या," मिन्ना म्हणाली.

"दाढीकडे कोण बघतंय? लोक त्याचे डोळे बघतील."

"डोळ्यांवर दाढीच आहे, साहेब."

"तू कात्री चालव!"

बुधवारी दुपारी डेलाहंटींच्या थिएटरात लोकांना तो चित्रपट पहिल्यांदा दाखवला. दाढी उडाली तशी एक जाडी बाई हसता हसता खुर्चीवरून खाली घसरली.

"वा, गुम्बिनर!" डेलाहंटी डोळे पुसत आले. "विनोदी काढलात आणि बोलला नाहीत? पाट्या मात्र फार रडक्या आहेत बुवा. तेवढ्या बदला, महिनाभर चालवतो."

ते गेल्यावर साहेब पुटपुटले, "दगड आहे हा माणूस."

"आज तोच दगड वाचवेल आपल्याला. दोन दिवस द्या, पाट्या मी लिहिते."

"आणि बापाचं मरण?"

"मरू दे की. 'मुली, मी निघालो' म्हणतो, त्याऐवजी म्हणेल, 'मुली, खिडकी कुणी उघडी टाकली?'"

साहेबांनी बराच वेळ टोपी हातात फिरवली. "कर. पण माझ्यासमोर नको."

चित्रपट तीन महिने चालला. "मला पहिल्या दिवसापासून वारा हवाच होता," असं साहेबांनी वार्ताहरांना सांगितलं. पुढे त्यांनी चाळीस विनोदी चित्रपट काढले आणि एकाही खेळाला हसले नाहीत.

म्हातारपणी मात्र दर रविवारी, कॉफी आणि केक झाला की, ते बंगल्याचे पडदे ओढायचे आणि त्या चित्रपटाची जुन्या, रडक्या पाट्यांसकट जपून ठेवलेली प्रत पाहुण्यांना दाखवायचे. एका रविवारी मिन्नालाही आमंत्रण होतं. बाप मरू लागला, दाढी उठली. आपण कुणाच्या घरी कॉफी प्यायलो आहोत, हे पाहुण्यांना माहीत होतं. सोळा जणांनी रुमाल तोंडात कोंबले. खांदे गदगदू लागले, गालांवरून पाणी ओघळलं.

साहेबांनी मागे वळून पाहिलं. मग मिन्नाचा हात घट्ट धरून ते कापऱ्या आवाजात म्हणाले, "बघितलंस? डेलाहंटीला हे कधी कळलंच नाही."

मिन्नानं नुसती मान हलवली. दातांतला रुमाल काढायची तिची हिंमत नव्हती.