ब्रेक माझा, पाय त्याचा

मी एक जुना टेम्पो आहे. आणि मित्रांनो, आधीच सांगतो, मी रागावलेलो आहे. टेम्पोला कसला आलाय राग, असं म्हणाल. पण न केलेल्या गुन्ह्याचं खापर तुमच्या माथ्यावर फुटलं असतं, तर तुम्हीही गप्प बसला नसता.

मी नवा होतो तेव्हा मालक हिंदुरावांनी पेढे वाटून मला दारात आणलं. तेव्हापासून अक्कलकोट रोड एमआयडीसीतून चादरींचे आणि टॉवेलांचे गठ्ठे उचलायचे आणि शहरातल्या गोदामात पोचवायचे, हे माझं काम. दुधनीचा निंगप्पा माझा पहिल्यापासूनचा चालक. रस्त्यातला खड्डा माझ्या चाकाला लागायच्या आत त्याला कळायचा. एमआयडीसीच्या वळणावर यंत्रमागावरचा कामगार सिदू सायकलवरून जाताना दिसला की निंगप्पा हॉर्न वाजवायचा आणि सिदू घंटी. दोघांची जुनी दोस्ती.

मग एकदा गठ्ठा उचलताना निंगप्पाची कंबर धरली. डॉक्टरांनी जालीम गोळ्या दिल्या, अफूच्याच घराण्यातल्या. या गोळ्या चालू आहेत तोवर गाडी चालवायची नाही, असं त्यांनी बजावलंही होतं. निंगप्पाने ते मालकांना माझ्यासमोरच सांगितलं.

“आरं, डॉक्टर सांगत्यातच तसं,” हिंदुराव म्हणाले. “दिवाळीचा माल अडलाय. कडक च्या मार आन् बस गाडीवर.”

निंगप्पा बसला. तो पेंगत नव्हता, डोळे टक्क उघडे होते. म्हणूनच त्याला वाटलं, आपण ठीक आहोत. पण त्याचे हातपाय माझ्या ओळखीचे. मला कसं फसवणार? पहिल्या गिअरमध्येच तो मला लांबवर रडवत नेऊ लागला. रोजचं गोदाम मागे टाकून पुढे गेला. समोरचं त्याला दिसायचं, पण त्याचं काय करायचं हे ठरवायला वेळ लागायचा. त्या गोळीने दुखण्याबरोबर त्याची सावधगिरीही झोपवली होती. मी गुरगुरलो, हिसके दिले. पण इंजिनाचं कोण ऐकतं?

त्या वळणावर सिदू रस्ता ओलांडत होता. निंगप्पाने त्याला पाहिलं. सवयीने हॉर्नही वाजवला. पाय मात्र ब्रेकवर आला तेव्हा सिदूची सायकल माझ्या चाकाखाली होती.

सिदू वाचला, पण पायाचं हाड मोडलं. आणि जमलेल्या लोकांना निंगप्पा काय म्हणाला? “ब्रेकच लागला न्हाय की.”

मेकॅनिकने माझे ब्रेक उघडून पाहिले. धडधाकट होते. मग हिंदुरावांनी ठरवलं, गाडीलाच नजर लागली. माझ्यावरून नारळ उतरवला, पुढे काळी बाहुली टांगली. उपचार माझ्यावर झाले, मित्रांनो! गोळ्यांची पट्टी माझ्याच कप्प्यात पडलेली होती, तिकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. आणि निंगप्पा गोळी घेऊन मला चालवतच राहिला. मी रोज त्या वळणावरून जीव मुठीत धरून जायचो.

दसऱ्याला माझी पूजा झाली. झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं. सिदू कुबड्या टेकत आला. त्याच्या मनात अढी नव्हती. निंगप्पाने किल्ली लावली, कप्प्यातली पट्टी काढली आणि गोळी तोंडात टाकणार, तोच सिदूने ती पट्टी हातात घेतली. उलटसुलट करून पाहिली. मग खिशातून आपली पट्टी काढली. औषध तेच होतं.

“मलाबी हीच दिलीया,” तो म्हणाला. “ही घेतली की शर्टाची बटनं लावाया जमत न्हाईत. बायको लावती. तू हिच्यावर टेम्पो चालवत व्हतास, निंगप्पा?”

“आता सणाच्या दिवशी कशाला त्ये,” हिंदुराव मध्ये पडले. त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही.

“ब्रेक चांगला हाय,” निंगप्पा मान खाली घालून म्हणाला. “माझाच पाय उशिरा ग्येला.” त्याने किल्ली काढून मालकांच्या हातावर ठेवली आणि तो खाली उतरला.

मित्रांनो, दुखणं खरं असतं. डॉक्टर सांगतील तशी गोळी जरूर घ्यावी. पण अशी गोळी पोटात असेल तर किल्ली हातात घेऊ नका, घरच्यांनाही घेऊ देऊ नका. माल थांबत नाही म्हणणाऱ्याला माझ्याकडे पाठवा. त्या दसऱ्याला मी हललो नाही, चाकांखालची लिंबं तशीच राहिली. दिवाळीचा माल दुसऱ्या दिवशी दुसऱ्या चालकाने नेला आणि कुणाचंही काही अडलं नाही. सिदू मात्र अजून लंगडतो.