दोन खेपांसाठी

बाबांची गाडी टायरच्या दुकानासमोर येऊन थांबली, तेव्हा कोहारु गणवेशावर आजोबांचे रबरी बूट चढवून दारातला बर्फ ढकलत होती. नऊ वाजता शाळेत नववीची, म्हणजे या शाळेच्या शेवटच्या वर्षाची, प्रमाणपत्रं मिळणार होती.

"काय, यंदा बोगद्याने सोडलं वाटतं," आजोबा आतूनच म्हणाले.

बाबा हसले. बोगद्याच्या पलीकडे, बाबा राहतात त्या साइतामात, बर्फ पडत नाही. आईबाबा वेगळे झाल्यापासूनच्या चारही हिवाळ्यांत त्यांचा फोन यायचा, "महामार्गावर टायर तपासतायत गं, साध्या टायरवर परत पाठवतात. आणि वर्षातून दोन खेपांसाठी बर्फाचे टायर घेणं परवडतं का, तूच सांग."

कोहारुने सांगितलंही होतं. सहावीत असताना तिने रंगीत पेनांनी एक तक्ता केला होता. बर्फावर ब्रेक दाबल्यावर साधा टायर किती घसरतो, बर्फाचा किती, सगळं आजोबांना विचारून लिहिलं, आणि पोस्टाने पाठवलं.

"तुझा तक्ता अजून आहे माझ्याकडे," बाबा म्हणाले. "शेवटी पटलं मला. परवाच घेतले, कोरे करकरीत. खास आजच्यासाठी."

"बघू," म्हणत ती चाकाशी उकिडवी बसली.

दुकानात वाढलेल्या मुलीला टायर वाचता येतो. तिने अंगठ्याने चिखल पुसला. चार आकडे उमटलेले होते, पहिले दोन टायर बनल्याच्या आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. साडेचार वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर. तिने खाचेत नख घातलं. ते अर्धंसुद्धा आत गेलं नाही. तीन-चार हिवाळे पळाल्याशिवाय खाच इतकी झिजत नाही.

दुसरं चाक पाहिलं. तेच.

आजोबा हात पुसत बाहेर आले. दुकानासमोरून कुठलीही गाडी त्यांनी वाकून पाहिल्याशिवाय जात नसे.

कोहारु उठली आणि चाकाच्या पुढ्यात उभी राहिली.

"मी बघितलेत, आजोबा. चांगले आहेत."

आजोबांनी तिच्या काळ्या झालेल्या अंगठ्याकडे पाहिलं. मग हातातलं फडकं तिला दिलं.

"पूस," ते म्हणाले. "प्रमाणपत्राला डाग लागेल."

तिने बूट बदलले आणि मागच्या सीटवर जाऊन बसली.

"पुढे ये ना."

"इथे बरंय."

गाडी निघाली. वळणावर बाबांनी वेग अगदी बेताने कमी केला, ब्रेकला जेमतेम पाय लावून. दर हिवाळ्यात बर्फात गाडी चालवणारा माणूस करतो तसा.

"बाबा."

"हं?"

"पुढच्या हिवाळ्याआधी बदला हे."

आरशात बाबांचे डोळे क्षणभर वर आले.

"नवे आहेत गं."

"हो," कोहारु म्हणाली आणि पट्टा लावला.