कडूबाचा हळू आवाज

लढाई संपली त्या साली केदारखेड्यात कडूबाची विहीर खोल करायचं काम निघालं, आणि एक सुरुंग वेळेआधीच उडाला. कडूबा काठावर उभा होता. अंगाला खरचटलंसुद्धा नाही, पण दोन्ही कान गेले. जालन्याच्या दवाखान्यात दाखवलं, औरंगाबादेत दाखवलं. काही उपयोग झाला नाही.

त्याची बायको सोनूबाई त्याला नावानं हाक मारत नसे. लग्न झाल्यापासून "ऐकलं का?" एवढंच म्हणायची, आणि तो गोठ्यात असला तरी वळून बघायचा. आता त्याच्या समोर जाऊन उभं राहिल्याशिवाय त्याला कळत नव्हतं. पण तिला त्याहून दुसरंच जास्त लागलं होतं. कडूबाचा आवाज मुळात हळू. रात्री अंगणात बाजेवर पडल्या पडल्या तो असा बोलायचा, की पलीकडे निजलेल्या सासूलाही पत्ता लागत नसे. सुरुंगानंतर तो आवाजच राहिला नाही. बोलला तर ओरडून बोले. लोक दचकत. मग तो बोलायचाच थांबला.

घराच्या मागच्या भिंतीला लागून विहीर होती, आणि तिच्या कडेला पत्र्याच्या छपरात इंजन. जालन्याच्या जिनिंगमध्ये बरीच वर्षं काढून कडूबानं इंजनाचं काम शिकून घेतलं होतं, आणि तिथलंच जुनं इंजन बैलगाडीत घालून गावी आणलं होतं. त्या पाण्यावर त्यानं मोसंबीची रोपं जगवली होती.

चैत्रात एका सकाळी सोनूबाई भाकरी थापत होती. इंजनाच्या रोजच्या आवाजात मध्येच काहीतरी आपटल्यासारखं तिला ऐकू आलं. ठाक, ठाक, ठाक. पिठाच्या हातानं ती मागं धावली आणि एका तळव्यावर मूठ आपटून दाखवू लागली. कडूबानं इंजनावर हात ठेवून पाहिलं. ते नेहमीच हादरायचं, आताही हादरत होतं.

"काय न्हाई झालं! चालू दे!" तो ओरडला.

दुसऱ्या दिवशी इंजन चालू होईना. कडूबाचा धाकटा भाऊ पुंजाराम हँडल मारून मारून घामाघूम झाला. धुराड्यातून पांढरा धूर फुस्स करून बाहेर पडे आणि चाक थांबे.

"वैनी, मी जालन्यात मस्तगडला जाऊन सिराजोद्दीन मिस्त्रीला घेऊन येतो," पुंजाराम म्हणाला. मिस्त्री कडूबाचा जिनिंगमधला सोबती. पण पुंजाराम एकटाच परत आला. मिस्त्री लेकीच्या लग्नासाठी परभणीला गेला होता, इतक्यात येणार नव्हता. इकडे रोपांची पानं दुमडायला लागली होती.

पुंजाराम बैल जुंपून नदीवरून पाणी आणायला गेला, तेव्हा कडूबा अवजारांची पेटी घेऊन इंजनापाशी बसला. पूर्वी तो डोळे मिटून नुसता ऐकायचा आणि सांगायचा, इथं दुखतंय म्हणून. आता त्याला एकेक गोष्ट हातानं चाचपावी लागत होती. मोठं चाक त्यानं मागंपुढं हलवून पाहिलं. ते बसवलेली खीळ घट्ट होती. आतली हवा दाबली जाईपर्यंत चाक फिरवून सोडलं. ते जोरानं मागं आलं, म्हणजे दाब बरा होता. दट्ट्याच्या दांड्याखाली पहार घालून उचलून पाहिलं; कुठं ढिलाई नव्हती. तेलाची नळी सैल केली. तेल बुडबुड्यांशिवाय आलं. राहिलं नोझल, ज्यातून तेलाचा फवारा आत उडतो. चांगलं नोझल चाक हळू फिरवताना कुरकुरतं. ती कुरकुर ऐकायला कान हवे होते.

त्यानं सोनूबाईला खुणेनं बोलावलं, तिचं डोकं नोझलपाशी टेकवलं आणि चाक फिरवलं. मग वाकून, तिच्या अगदी जवळ येऊन विचारलं, "आला का? कर्र असा?"

सोनूबाईच्या अंगावर काटा आला. तो हळू बोलला होता. कान देऊन ऐकताना माणूस आपोआप आवाज उतरवतो, तसा त्याचाही उतरला होता. तोच आवाज, बाजेवरचा.

कुरकुर मात्र आली नव्हती. तिनं मान हलवली.

कडूबानं नोझल काढलं, बाहेरच नळीला लावलं. "समोर हात धरू नको," असं ओरडून बजावत त्यानं चाक फिरवलं. फवारा उडायच्या ऐवजी तेल थेंबाथेंबानं गळलं. आतली सुई अडकली होती. असं गळकं तेल नको तेव्हा पेटतं आणि ठोका देतं. फारच गळलं तर पेटतच नाही. त्यानं सुई काढून स्वच्छ तेलात धुतली, कडुलिंबाच्या मऊ काडीनं काजळी काढली. सुई आपल्याच वजनानं आत घसरेपर्यंत तो ते करत राहिला. मग सगळं परत जोडलं आणि चाक फिरवलं.

कर्र.

"आला का?" त्यानं तिच्या कानाशी विचारलं.

सोनूबाईनं मान हलवली. नाही.

त्यानं पुन्हा फिरवलं. पुन्हा कर्र. "आता?" ती डोळे मिटून बसली होती. नाही. त्याच्या कपाळावरचा घाम तिच्या हातावर पडला, तरी तिला हो म्हणवेना. अजून एकदा, एवढंच तिला वाटत होतं.

तिसऱ्यांदा कडूबानं चाक फिरवताना नळीवर बोट ठेवलं, आणि थांबला.

"नळी बोटाला धक्का देऊन राह्यलीय. तुला कसं ऐकू येईना, सोने?"

तिचे डोळे भरून आले. तिनं स्वतःच्या गळ्याला हात लावला, मग त्याच्या. त्याच्या ओठांपाशी चिमूट धरून दाखवली. असं. एवढंच. असं बोला.

त्याला कळायला वेळ लागला.

"म्हंजी आत्ता मी हळू बोललो?"

तिनं मान डोलावली.

"मला माझाच आवाज कळत न्हाई गं," तो म्हणाला. "लोकांची तोंडं बघतो, मंग समजतं की लई ओरडलो. म्हणून गप राहतो. तुला वाटलं असंल, मला बोलायचंच न्हाई."

तिला तसंच वाटलं होतं. ती "न्हाई, न्हाई," म्हणत राहिली आणि तो तिच्या ओठांकडे बघत राहिला.

पुंजाराम आल्यावर त्यानं हँडल मारलं. दुसऱ्याच दमात इंजन लागलं. ठोका नव्हता. पाटात पाणी आलं तसा कडूबा उठून रोपांकडे गेला, आणि लांबूनच पुंजारामला जोरात काहीतरी ओरडला. सोनूबाईनं ते ऐकलं आणि तिला हसू आलं.

त्या संध्याकाळी ती त्याच्या बाजेवर बसली. त्यानं बोलायला सुरुवात केली, तसा तिनं त्याच्या छातीवर तळवा ठेवला. आवाज चढला की ती दाबे, तो उतरवी. आडगावच्या तिच्या बहिणीचं विचारलं, म्हशीचं विचारलं. ती उत्तरं द्यायची तेव्हा अंधार पडत चालला होता आणि तिचे ओठ त्याला नीट दिसत नव्हते.

"काय म्हणालीस?" तो विचारी, तिच्या तोंडाशी वाकून, अगदी हळू.

तिनं दिवा आणायला उठायला हवं होतं. ती उठली नाही.