थापांवर चालणारी लाँच

ओहोटी लागली की हाम्बुर्गच्या वखारींचा खालचा भाग उघडा पडू लागतो. वर लाल विटांचे मजल्यावर मजले, तांब्याची हिरवी छपरं, माल वर ओढणारे लोखंडी आकडे. आणि त्या सगळ्याच्या तळाशी शेवाळानं काळवंडलेला एक पट्टा, जो भरतीच्या वेळी कुणालाच दिसत नाही. बावीस वर्षं मी या कालव्यांतून प्रवाशांची लाँच चालवते आहे. लोक छपरांची छायाचित्रं काढतात. मला तो पट्टा अधिक प्रिय आहे. एवढं वैभव उभं राहायला किती ओल सोसावी लागते, ते तिथं वाचता येतं.

कालव्यांत शिरायला वेळ थोडा असतो. भरती पूर्ण चढली की लाँच पुलांखालून जात नाही आणि ओहोटी उतरली की तळाला चिखल लागतो. मधल्या पाण्यात आत जायचं आणि मधल्याच पाण्यात बाहेर पडायचं.

लाँचवर माहिती सांगण्याचं काम हिनर्कचं. वय अडुसष्ट, निळी टोपी, आणि असा आवाज की ध्वनिक्षेपक त्याच्या हातात केवळ शोभेला असावा. आमच्या बंदरात माहिती सांगणाऱ्यानं थापा मारायच्या, ही जुनी रीत आहे. पूर्वी गोदीतले हमाल धक्क्यावरून प्रवाशांना ओरडून सांगत, ‘ऐकू नका, तो खोटं बोलतोय!’ आणि तेच पुढं या धंद्याचं नाव होऊन बसलं. हिनर्क त्या नावाला जागणारा शेवटचा माणूस असेल. तो गंभीरपणे सांगे की इथल्या प्रत्येक विटेवर महापौराची सही आहे, पण खालच्या बाजूनं. तिसऱ्या वखारीतला एक गालिचा कारकुनासकट उडून ल्युबेकला गेला आणि कारकून अजून पत्रानं रजा वाढवून मागतो. शेवटी मिरीच्या वखारीपाशी तो एक प्रचंड शिंक देई. म्हणे शंभर वर्षांपूर्वीची मिरी अजून हवेत आहे. सगळी लाँच हसे. आणि त्या हसण्यात, एरवी ज्या भिंतींकडे लोक नुसतं पाहून पुढं गेले असते, त्या भिंती जन्मभरासाठी त्यांच्या होऊन जात. मी अनेक विद्वानांना या शहराविषयी बोलताना ऐकलं आहे. शहर हातात ठेवावं तसं देताना मी फक्त हिनर्कलाच पाहिलं.

एप्रिलमधल्या त्या शनिवारी त्याची मुलगी गेसा धक्क्यावर आली. म्युनिकला राहते, अभिलेखागारात काम करते. नऊ वर्षांत तिनं लाँचवर पाय ठेवला नव्हता.

“मॉइन, फ्राउके मावशी,” तिनं मला आमच्या बंदरातला नमस्कार घातला. “कामासाठी आले होते. अडीचची गाडी आहे. एक फेरी मारते आणि निघते.”

“बस की पुढं!” हिनर्क नको तितक्या मोठ्यानं म्हणाला. टोपी त्यानं दोनदा काढून घातली.

“एक अट आहे, बाबा. आज एकही थाप नाही. तासभर खरं बोलून दाखवा.”

“तासभर? अगं, माणूस मरेल.”

“खरं ऐकून कुणी मरत नाही,” गेसा म्हणाली.

ती असं का म्हणाली, ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. नऊ वर्षांपूर्वी तिची आई एल्झबे रुग्णालयात होती. गेसाची शेवटची परीक्षा चालू होती. हिनर्कनं फोनवर सांगितलं, ‘आई बरी आहे, परीक्षा आटप आणि सावकाश ये.’ गेसा सावकाश आली. दोन दिवस उशीर झाला होता. त्यानंतर बापलेकींत नाताळची कार्डं तेवढी उरली.

हिनर्कनं मान डोलावली. “ठीक आहे. खरं तर खरं.”

आणि तो खरोखर खरं बोलू लागला. पायाखाली ओकच्या लाकडाचे किती खांब ठोकले, वखारी बांधायला किती घरं पाडली, किती हजार माणसं हलवली. प्रत्येक वाक्याआधी तो थांबून छताकडे बघे, जणू तिथं टिपणं चिकटवली होती.

“अहो,” पुढच्या बाकावरून कासेलहून आलेल्या एक आजी ओरडल्या, “थापा कधी सुरू होणार? माझी बहीण मागच्या वर्षी हसून हसून बाकावरून पडली होती.”

“आज नाही, बाईसाहेब.”

“म्हणजे आम्ही शाळेत बसलोय होय?”

लोक हसले. हिनर्क हसला नाही. घामेजल्या कपाळानं तो सनावळी पुढं रेटत राहिला, आणि मी सुकाणूवरून गेसाकडे पाहत होते. दोन कालवे फुटतात तिथलं मनोऱ्याचं घर समोर आलं. पाण्यात एकटं उभं असलेलं ते घर बावीस वर्षांत मला एकदाही शिळं वाटलेलं नाही. गेसाही मान वर करून पाहत राहिली. मी वेग आणखी कमी केला.

मग खालून एक मऊ, लांबट आवाज आला, भिजलेलं पोतं फरफटावं तसा. लाँच थांबली. मी इंजिन मागं घेऊन पाहिलं. पाणी गढूळ झालं, बाकी काही नाही. आम्ही चिखलात रुतलो होतो. पाणी परत यायला साडेचार वाजणार होते.

“फ्राउके,” हिनर्क हलक्या आवाजात म्हणाला, “तू? रुतलीस?”

“शिंक दिली नाहीस ना तू!” मी जवळजवळ ओरडलेच.

वरच्या गालिच्यांच्या वखारीतले दोन कामगार धक्क्याच्या कठड्यावरून वाकून पाहू लागले. “शनिवारी प्रदर्शन ठेवलंय का?” एकानं विचारलं. पण दोर त्यांनीच टाकला, आणि भिंतीतल्या लोखंडी शिडीवरून एकेका प्रवाशाला कमरेला दोर बांधून वर घेतलं. कासेलच्या आजी तेवढ्या राहिल्या. “माझा गुडघा चढणार नाही,” त्या म्हणाल्या, हेरिंग माशाचा पाव पिशवीतून काढला, खाल्ला आणि डोळे मिटले.

शेवटी गेसा शिडीशी आली. दीड वाजला होता. स्टेशन चालत वीस मिनिटांवर.

“मावशी, शिंकेचं काय म्हणालात तुम्ही?”

मला लाज वाटली, पण सांगितलं. “त्याच्या थापा हेच माझं घड्याळ आहे गं. महापौराची सही सांगून झाली की मी डावीकडे वळते. गालिचा उडाला की दुसरा पूल. आणि तो शिंकला की पाणी उतरायच्या आत लाँच माघारी फिरवते. बावीस वर्षांत मी पाण्याकडे पाहिलेलं नाही, तुझ्या बापाकडे कान दिलाय. एकदाही रुतले नाही.”

गेसा हसली. नऊ वर्षांनी मी तिचं ते हसू पाहत होते, बापाचंच होतं. एक पाय तिनं शिडीवर ठेवला, आणि तिथूनच, त्याच्याकडे न पाहता, विचारलं,

“बाबा, तेव्हा फोनवर तसं बोलायला आईनं सांगितलं होतं ना? मला परीक्षा देऊ द्यावी म्हणून?”

ती त्याला दार उघडून देत होती. ‘हो’ एवढंच म्हणायचं होतं. नाही म्हणायला एल्झबे उरली नव्हती, आणि या बंदरातला सर्वांत तरबेज माणूस समोर उभा होता. मी मनातल्या मनात म्हणाले, म्हण, हिनर्क, म्हणून टाक.

“नाही,” तो म्हणाला. “ती रोज विचारायची, गेसा कधी येते.”

शिडीचा गज गेसानं घट्ट धरला. शेवाळ तिच्या बोटांत आलं.

“मग?”

“डॉक्टर मला म्हणाले होते, फार तर आठवडा काढेल. मी फोन उचलला, तुझा आवाज आला. वाटलं, तुला ‘ये’ म्हटलं की ते खरं होईल. मग म्हणालो, बरी आहे. आणि त्या दुपारी मलाही पटलं ते. दोन दिवस मी गाजरं आणून सूप करत होतो.” टोपी त्याच्या हातात चुरगळली होती. “तुझ्यासाठी नव्हतं ते. माझ्यासाठी होतं.”

गेसा शिडी चढू लागली. एक पायरी, दुसरी, तिसरी. वरून कामगारानं दोर खाली सोडला. “या, ताई, कमरेला बांधा.”

दोर तिच्या खांद्याला लागून लोंबत राहिला. तिनं तो धरला नाही. समोर भिंतीचा तो काळा पट्टा होता, तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, आणि त्याच्यातून अजून पाणी झिरपत होतं.

“ती विचारायची तेव्हा तुम्ही काय सांगायचात?”

“उद्या.”

“रोज?”

“रोज.”

चर्चच्या मनोऱ्यावर पावणेदोनचे ठोके पडले. वरचा कामगार म्हणाला, “येताय का, ताई?” गेसा चढली तशीच, एकेक पायरी चाचपत खाली उतरली, ओले हात कोटाला पुसले आणि बापाच्या बाकापाशी येऊन उभी राहिली.

“सरका.”

तो सरकला.

“पहिल्या दिवसापासून सांगा. ती काय बोलली, काय खाल्लं, खिडकीतून काय दिसायचं. सगळं.”

“मला नीट आठवत नाही गं.”

“मग जेवढं आठवतं तेवढं.”

हिनर्क बोलू लागला. आवाज इतका खाली आला होता की सुकाणूपाशी मला शब्द कळत नव्हते, फक्त थांबणं कळत होतं. कालवा रिकामा होत गेला. तळाचा चिखल उन्हात चमकू लागला आणि त्यावर बगळा उतरून आपल्याच पायांचे ठसे तपासत चालला. वर छपरांवरचं तांबं दुपारच्या उजेडात निवळत गेलं. गेसानं एकदा डोळे पुसले, एकदा त्याला मध्येच थांबवून काही विचारलं, आणि त्यानं ‘नाही’ अशी मान हलवली.

साडेचारच्या सुमारास तळ हलला. लाँच आधी एका कुशीवर, मग दुसऱ्या कुशीवर सैल झाली. आजी जाग्या होऊन म्हणाल्या, “निघायचं का?” मी ओठांवर बोट ठेवलं.

पाणी पुरेसं आलं होतं. मी इंजिन सुरू केलं नाही.