चमकत्या टाचण्यांची वाट

"गोड होतं," डिलेनी म्हणाली होती. गेल्या वर्षी, हॅलोविनच्या संध्याकाळी, माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच सफरचंदाचा गरम रस पीत. पंधरा दिवस राबून मी रानात भुतांची वाट रचली होती. चादरींची भुतं, पुठ्ठ्याची थडगी, नवऱ्याच्या जुन्या कपड्यांत पाला कोंबून केलेलं प्रेत, काय नव्हतं तिथे? आणि आठ वर्षांच्या पोरीने शेरा काय दिला, तर गोड. त्यापेक्षा शिवी परवडली असती.

डिलेनी माझ्या सुनेची, केंड्राची, पहिल्या लग्नाची मुलगी. तीन वर्षांपूर्वी आमच्या टोरीने केंड्राशी लग्न केलं आणि आम्हाला आयती नात मिळाली. ती एकुलती एक, आणि मला ती हवी आहे, उगाच आढेवेढे कशाला घ्या. पण ते राहतात तीन तासांवर, आणि पोरगी आमच्या वाट्याला येते ती सणावारी, तीही तिच्या बापाशी वाटणी करून. नाताळ निम्मा त्याचा, निम्मा आमचा. हॅलोविन आमचं.

या सप्टेंबरात केंड्राचा फोन आला. "मार्लिस, रागावू नका हं. तिचे बाबा म्हणतायत, पुढच्या वर्षीपासून हॅलोविनला तिला शहरात न्यावं. तिथे मोठं भूतघर असतं, तिकीट काढून. मी म्हटलं तिचं तिलाच ठरवू दे. यंदाचं झालं की सांगेल ती."

मी फोन ठेवला आणि व्हर्लिनला म्हटलं, "यंदा त्या पोरीची बोबडी वळवायची."

व्हर्लिन माझा नवरा. एकेचाळीस वर्षं संसार करतेय त्याच्याशी. माणूस एक गोष्ट एकदाच सांगतो; ऐकली तर ऐकली. त्याने बाणांना धार लावता लावता वर पाहिलं. "भुतांवर थोडंच ठरणार आहे, तिला इथे यायचंय की नाही ते?"

"तू तुझी हरणं बघ."

ऑक्टोबर म्हणजे त्याचे तिरकमठ्याच्या शिकारीचे दिवस. वाकड्या शिंगांचा एक नर त्याने उन्हाळ्यापासून हेरून ठेवलेला. रोज दुपारी चारला हा मचाणावर जाऊन बसायचा. म्हणून त्याची अट एकच होती. दिवसा रानात काय धुडगूस घालायचा तो घाला, पण चारनंतर कोणी पाऊल टाकायचं नाही, हरीण बुजतं. म्हणजे माझी सगळी तयारी उन्हात. अंधारात ती वाट कशी दिसते ते मी एकदाही पाहिलं नाही, आणि तिथेच माझं घोडं पेंड खाणार होतं.

तयारी मात्र झकास झाली. दुधाच्या रिकाम्या, प्लास्टिकच्या कॅनांवर कवट्या रंगवून आत दिवे सोडले. गळाच्या तंगुशीवर एक भूत टांगलं. ओढलं की अंगावर धावून यायचं. शाळेच्या स्वयंपाकघरात माझ्याबरोबर वीस वर्षं काढलेली लवॉन चेटकीण व्हायला तयार झाली. तिच्याकडे दोन पातेली. एकात गार शेवया, म्हणजे मेंदू. दुसऱ्यात सोललेली द्राक्षं, म्हणजे डोळे. द्राक्षं सोलताना ती मला दोन तास मनापासून शिव्या घालत होती. शेवटी व्हर्लिन, मोटरची करवत घेऊन. साखळी काढलेली, नुसता आवाज.

आणि वाट दाखवायला टाचण्या. आमच्याकडे शिकाऱ्याच्या घरी डबीभर असतातच. झाडाच्या सालीत टोचल्या की दिवसा दिसतसुद्धा नाहीत, पण टॉर्चचा झोत पडला की जनावराचे डोळे लुकलुकावेत तशा चमकतात. पहाटेच्या काळोखात मचाण सापडायला त्या लावतात. मी म्हटलं, भुतांच्या वाटेला याहून झकास काय? शे-दीडशे टाचण्या मी पोरांच्या डोळ्यांच्या उंचीवर टोचत गेले.

गुरुवारी न्याहारीला व्हर्लिन म्हणाला, "मार्लिस, त्या टाचण्यांचं एक बघ. माझ्या मचाणाकडच्या—"

"अंडी निवतायत. खा आधी."

त्याने अंडी खाल्ली.

शनिवारी साडेसहाला अंधार पडला. जमीन गोठून कडक झालेली, हवेत बर्फाची भुरभुर. आमच्याकडे हॅलोविनचा पोशाख बर्फातल्या जाड कपड्यांवर चढेल असाच घ्यावा लागतो, त्यामुळे परी असो नाहीतर सांगाडा, सगळी पोरं गोलमटोलच दिसतात. त्यात व्हर्लिनचा हुकूम, शिकारीचे दिवस आहेत, माणूस लांबून ओळखू यावा म्हणून सगळ्यांनी नारिंगी टोप्या घाला. माझ्या चादरीच्या भुतांनासुद्धा त्याने टोप्या घातल्या. चादर पाहून कोणी बाण सोडला म्हणजे?

केंड्रा आणि टोरी आल्या आल्या स्वयंपाकाला आत गेले. डिलेनी आली ती पांढरा कोट घालून, हातात व्हर्लिनची पक्कड.

"कोण गं तू?"

"दातांची डॉक्टर. बाकी कशाला कोणी घाबरत नाही."

पोरीचं चुकलं नव्हतं. मीच दोन पावलं मागे सरले.

शेजारपाजारच्या पोरांचे पहिले दोन घोळके आयांबरोबर गेले. त्या बायका दिवसा माझ्याबरोबर कॅन टांगायला आलेल्या, वाट त्यांच्या पायाखालची. किंकाळ्या ऐकू आल्या, करवत गुरगुरली, पोरं दात काढत परत आली. तिसऱ्या घोळक्यात डिलेनी आणि आणखी चौघं. सगळ्यांत लहान ओट्टो, पाच वर्षांचा, गायीच्या पोशाखात. त्यांच्याबरोबर मी निघाले, तर डिलेनी म्हणाली, "तुम्ही आलात तर घाबरायचं कसं? मोठं माणूस बरोबर असलं की काही होणार नाही हे माहीतच असतं."

आता सांगते, माझी अक्कल गहाण पडली होती. मला एवढंच दिसत होतं की पोरीला एकदा खरंखुरं घाबरायचंय आणि ते मला जमलं नाही तर ती पुढच्या वर्षी शहरात. मी टॉर्च तिच्या हातात दिला. "जा मग. टाचण्यांच्या मागे मागे जायचं. शेवटी व्हर्लिन भेटेल."

ओट्टोची आई चुळबुळली. "एकटीच पोरं, मार्लिस?"

"अगं, चार एकरांचं रान. हरवून हरवणार कुठे?"

चार एकर आमचे, हे खरं. त्यापुढे सरकारी जंगल, आणि त्यापुढे दलदल, हे मी बोलले नाही.

दहा मिनिटं झाली. किंकाळी नाही. पंधरा झाली. करवतही नाही. मी मनात म्हटलं, घाबरून गप्प झाली असतील, आणि, खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या. मग रानातून लवॉन आली, हातात पातेलं. "माझा मेंदू गोठायला लागला. पाठव की पोरं."

"पाठवली कधीच."

"माझ्याकडे कोणी आलं नाही."

तिच्या मागोमाग व्हर्लिन आला, करवत खांद्यावर. त्याच्याकडेही कोणी आलं नव्हतं.  व्हर्लिन लवॉनचा टॉर्च घेऊन वाटेवर चालू लागला, मी त्याच्या मागे. मोठ्या बर्चच्या झाडापाशी तो थांबला आणि त्याने झोत फिरवला. डावीकडे माझ्या टाचण्या. उजवीकडे आणखी एक रांग, सरळ, नेटकी, दूरवर लुकलुकत गेलेली. ती त्याची, मचाणाकडे जाणारी. वर्षानुवर्षं त्या झाडांत आहे, आणि मी त्या बाजूला अंधारात कधी गेलेच नव्हते.

"गुरुवारी हेच सांगत होतो," व्हर्लिन म्हणाला. आणि झोत उजव्या रांगेवर धरून निघाला. चिडला असता तर बरं वाटलं असतं.

मचाण अर्ध्या मैलावर. त्यापासून पंधरा पावलांवर दलदल सुरू होते, आणि या दिवसांत तिच्यावर बर्फाचा पापुद्रा धरतो, पाहणाऱ्याला वाटावं जमीनच आहे. मी धावले. वय त्रेसष्ट, उजवा गुडघा कामातून गेलेला, तोंडाला प्रेताचा रंग फासलेला, आणि मी धावत होते. "डिलेनी," म्हणून ओरडत होते, परत परत, घसा फाटेपर्यंत. आयुष्यात मी इतकी घाबरले नव्हते. टोरी लहानपणी तळ्यात पडला होता तेव्हासुद्धा नाही. तेव्हा तो निदान दिसत तरी होता. पोरीची बोबडी वळवायला निघाले होते, माझीच वळली. देवाला म्हटलं, जाऊ दे तिला शहरात, दर वर्षी जाऊ दे, फक्त आत्ता सापडू दे.

"एवढं ओरडू नका," वरून आवाज आला. "ओट्टो झोपलाय."

मी टॉर्चच्या उजेडात वर पाहिलं. मचाणाच्या लाकडी पेटीत चार नारिंगी टोप्या ओळीने बसलेल्या, आणि शिडीच्या वरच्या पायरीवर डिलेनी, पक्कड मांडीवर. टॉर्च तिने विझवून ठेवला होता.

"टाचण्या इथे संपल्या," ती म्हणाली. "व्हर्लिन नव्हता. मग आम्ही वर चढून बसलो. वाट चुकली की जागा सोडायची नाही, असं व्हर्लिनने मला सांगितलंय. आणि त्याच्या डब्यातलं चॉकलेट आम्ही संपवलंय."

"बरं केलंत," व्हर्लिन म्हणाला. मग तो शिडी चढायला लागला.

मी तिथेच खाली बसकण मारली आणि ढसाढसा रडले. तोंडाचा रंग ओघळला असणार, कारण परीच्या पोशाखातल्या पोरीने माझ्याकडे पाहिलं आणि अशी किंचाळली की ओट्टो जागा झाला. सबंध संध्याकाळभरात मी तेवढं एक पोर घाबरवलं.

ओट्टोला व्हर्लिनने खांद्यावर आणलं. त्याच्या आईने मला जे सुनावलं ते मी मान खाली घालून ऐकून घेतलं. तिचं बरोबरच होतं. पोरं चिली, म्हणजे खिमा-राजम्याचं तिखट कालवण, खायला बसली आणि पाच मिनिटांत त्यांच्या गोष्टीत मचाणाखाली अस्वल आलं. डिलेनी मात्र बशी घेऊन माझ्याजवळ ओट्यापाशी आली. मी तोंड पुसत होते.

"मी घाबरले होते," ती हळूच म्हणाली. "टाचण्या संपल्या ना, तेव्हा. पण लहान मुलं होती बरोबर, म्हणून दाखवलं नाही."

"माझं चुकलं गं. तुला घाबरवायचं होतं मला, पण असं नव्हे. तुला पुढच्या वर्षी बाबाकडे जायचं असेल तर जा. मला राग यायचा नाही."

राग नसताच आला. रडू आलं असतं, पण ते तिला कशाला सांगा?

ती चमच्याने बशीतला राजमा इकडून तिकडे सरकवत राहिली. मग म्हणाली, "आम्ही पाच जण होतो."

"हो."

"वरून सगळं ऐकू येत होतं. तू एकट्या मलाच हाका मारत होतीस."

माझे कान तापले. ओट्टोची आई चार पावलांवर उभी होती. "बाकीच्यांची नावं सुचलीच नाहीत," मी पुटपुटले.

डिलेनीने राजम्याचा शेवटचा घास खाल्ला. बशी माझ्या हातात दिली, केंड्राकडे गेली आणि तिचा फोन मागितला. बाबाशी बोलायचंय म्हणाली. मी नळ सोडला आणि भांडी घासायला घेतली. मग नळ बंद केला, कारण काही ऐकू येईना.

"नाही बाबा, ते भूतघर चांगलंच असेल," ती दारात उभी राहून सांगत होती. "पण मला दर वर्षी इथेच यावं लागेल. मार्लिस फार घाबरते."