साबणकाकांचा ट्रे

मीटिंगची घंटा झाली तेव्हा तिचा हात साबणकाकांच्या ट्रेवर होता. काका नेहमीप्रमाणे कोपऱ्यातल्या बेसिनवर हात धुवायला गेले होते. त्यांनी तपासलेल्या कुप्यांपैकी जेमतेम दोन-तीन तिनं दिव्यासमोर उलट्या करून पाहिल्या असतील, तोच सुपरवायझरनं मागून येऊन ट्रे उचलला.

"चला, चला. मॅडम येऊन बसल्यात."

"हा राहू दे ना इथे. आल्यावर मी—"

"काकांचाच ना? मग झालाय की." त्यानं ट्रे ढकलगाडीवर सगळ्यांत वर ठेवून दिला.

त्या कुप्या इंजेक्शनच्या औषधाच्या होत्या. प्रत्येक कुपी आधी काळ्या पडद्यापुढे धरायची, मग पांढऱ्या, आणि आत काचेचा कण किंवा एखादा धागा तरंगतोय का ते बघायचं. खराब निघाली की लाल डब्यात. ज्याच्या दंडात सुई जाणार त्या माणसाला आपल्याशिवाय कोणी वाली नाही, हे काकांनीच तिला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. हल्ली काकांनाच कण दिसेनासे झाले होते. डोळ्यांच्या वार्षिक तपासणीत मात्र ते बिनबोभाट पास व्हायचे, कारण एवढ्या अवाढव्य कंपनीला भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता बदलायचं कधी सुचलं नाही, आणि काकांना तो तोंडपाठ होता. निवृत्ती दोन पावलांवर आली होती. आता काढलं असतं तर कुठे जाणार होते?

आपल्याला हे कळलंय हे त्यांना कळू नये म्हणून ती फार जपायची. नशिबानं काकांना हात धुण्याचं वेड होतं. प्रत्येक ट्रेनंतर हात धुवावेत असा नियम होता खरा, पण अख्ख्या खात्यात तो पाळणारे ते एकटेच. नाव पडलं ते त्यावरूनच. ते पाठमोरे झाले की ती त्यांचा ट्रे ओढून घ्यायची आणि भराभर पुन्हा बघायची. साबणानं त्यांच्या बोटांना भेगा पडल्या तेव्हा तिनं मलमाची डबीसुद्धा आणून दिली होती. आपण हे किती बेमालूम चालवलंय, याचा तिला मनातून अभिमानच होता. आज मात्र ट्रे हातचा गेला होता.

मीटिंगच्या खोलीला एका बाजूनं काच होती. तिनं मुद्दाम अशी खुर्ची पकडली की ढकलगाडी नजरेसमोर राहावी. मीटिंग संपायच्या आत गाडीवाला येणार, गाडी पॅकिंगला नेणार, कुप्यांवर लेबलं लागणार आणि मग कुठली कुपी कोणाच्या ट्रेमधली हे देवालाही सांगता आलं नसतं.

"कंपनीत काय आवडतं आणि काय आवडत नाही, एकेकानं सांगायचं," मुख्य कार्यालयातून आलेल्या बाई म्हणाल्या. "मोकळेपणानं."

मोकळेपणानं म्हटलं की लोकांची तोंडं आवळली जातात, हे बाईंना ठाऊक नसावं. या प्रश्नाची उत्तरं खात्यात केव्हाच ठरलेली होती. आवडतं काय, तर कंपनीची बस. आवडत नाही काय, तर चहा गार असतो. खरं बोलून हात दाखवून अवलक्षण कोण करून घेईल? दरवर्षी सगळे चहाच्या नावानं खडे फोडायचे आणि चहा इमानेइतबारे गारच राहायचा, त्यामुळे पुढच्या वर्षीचीही सोय होऊन जायची.

तेवढ्यात चहा आला. पॅकिंगच्या मिशीवाल्यांनी सवयीनं मोठा घोट घेतला आणि जीभ भाजून डोळ्यांत पाणी आणलं.

"चहाचं तुम्ही कायम सांगत होता," बाई हसून म्हणाल्या. "तेवढं झालं एकदाचं. आता पुढचं सांगा."

सगळ्यांनी कपात नजर बुडवली.

"तसा..." मिशीवाले म्हणाले, "आता जरा जास्तच गरम झालाय."

हशा पिकला आणि लगेच विरला. मग दाराजवळची नवी मुलगी अचानक बोलली. "मला ताप होता तेव्हा ऑफिसातून फोन आला. मला वाटलं, तब्येत विचारतील. माझ्या जागी कोण येणार एवढंच विचारलं आणि ठेवला."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या खरोखर ऐकत होत्या. लिहून घेऊन विसरून जाणारी माणसं परवडली, असं तिला वाटून गेलं. काचेपलीकडे गाडीवाला आला होता. तो हातमोजे चढवत कोणाशी तरी गप्पा मारत होता.

"मॅडम, मी पाच मिनिटांत जाऊन येऊ? काम राहिलंय थोडं."

"कामाचं नंतर. आज तुमचंच ऐकायला आलेय." बाई तिच्याकडे वळल्या. "तुमच्याबद्दल मला विचारायचंच होतं. प्रशिक्षण विभागातली जागा तुम्ही दोनदा नाकारलीत. डोळ्यांना ताण नाही, पगार जास्त. का हो?"

रोज संध्याकाळी तिचे स्वतःचे डोळे चुरचुरायचे. घरी गेल्यावर ती ओलं फडकं डोळ्यांवर ठेवून पडायची आणि आई वैतागून म्हणायची, कंपनी काय तुझ्या बापाची आहे? तिनं काकांकडे पाहिलं नाही.

"मला इथेच आवडतं," ती म्हणाली.

गाडीचं चाक कुरकुरलं. ती अर्धवट उठली. सांगावं तर काका जाणार, गप्प बसावं तर तो ट्रे जाणार.

"मला बोलायचंय," साबणकाका म्हणाले. "आधी ती गाडी थांबवा. वरचा ट्रे माझा आहे. तो हिनं बघितलेला नाही."

सुपरवायझर गोंधळला. "अहो काका, तुम्ही तपासलाय ना तो?"

"मी नुसता धरतो. बघते ही."

बाईंनी काचेवर जोरात टकटक केली. गाडी थांबली.

"काका, तुम्ही काय बोलताय हे?" ती म्हणाली.

"अगं, एवढे हात कोण धुतं?" ते म्हणाले. "ट्रे टेबलावरून परत सरकल्याचा आवाज येईपर्यंत नळ बंद करायचा नाही, एवढंच माझं काम. आज तो आवाज आला नाही. तू इथून उठून जाऊन बघशील म्हणून इतका वेळ थांबलो होतो." मग ते बाईंच्या आवाजाच्या दिशेनं वळले. "एवढी मोठी कंपनी, कोणाचं कोणाकडे लक्ष नसतं, मॅडम. हे मला फार आवडायचं. माझं निभावलं त्यात. पण हिनं दोनदा जागा नाकारली आणि आजपर्यंत का ते कोणी विचारलं नाही. ते नाही आवडलं. मीही नाही विचारलं."

तिला इतका राग आला की तिथल्या तिथे ओरडावंसं वाटलं. त्यांचा की स्वतःचा, ते तिचं तिलाच कळेना.

"मला हे वर कळवावं लागेल," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

"कळवा. आधी ट्रे बघू दे तिला."

ट्रे परत टेबलावर आला. दिवा लागला. खातं सगळं मागे गोळा झालं होतं, बाई तिच्या खांद्याशी उभ्या होत्या. ती कुपीमागून कुपी उलटी करून बघू लागली. काका कोपऱ्यात गेले आणि त्यांनी नळ सोडला. हात मात्र त्यांनी पाण्याखाली धरले नाहीत.

निम्मा ट्रे झाला. सगळं स्वच्छ. उगाच बोलले काका, असं वाटून तिला रडू यायला लागलं. आणखी एक ओळ झाली. मग एका कुपीच्या तळातून काहीतरी चमकत वर आलं आणि गिरकी घेऊन खाली बसलं. एरवी अशी कुपी ती लाल डब्यात नुसती टाकायची. आज तिनं ती दोन्ही हातांनी, आवाज होऊ न देता आत ठेवली. उरलेला ट्रे संपवला आणि टेबलावरून परत त्यांच्या जागी सरकवला.

नळ बंद झाला.

"किती?" काकांनी पाठमोऱ्यानंच विचारलं. इतक्या काळात हे त्यांनी पहिल्यांदाच विचारलं होतं.

"एक," ती म्हणाली.