सत्तर मापाची रिंग

पहिली रिंग लहान निघाली. धाकटी तपासणीच्या टेबलावरून उतरली, खोकली, दवाखान्याच्या दोन पायऱ्या चढली आणि तिसरीवर रिंग घसरून बाहेर आली. दुसरी मोठी होती. आत रुतली, लघवी अडली. तिसरी सत्तर मिलिमीटरची होती. सिस्टरनं तिला उकिडवं बसवलं, पुन्हा खोकायला लावलं, लघवीला पाठवलं आणि परत आल्यावर विचारलं, काही जाणवतंय का. धाकटी म्हणाली, काहीच नाही.

"मग हेच माप," सिस्टर म्हणाली.

काहीच न जाणवणं धाकटीच्या वाट्याला चार वर्षांत पहिल्यांदा आलं होतं. तिसऱ्या बाळंतपणानंतर तिचं अंग, म्हणजे गर्भाशय, बाहेर यायचं, आणि काम असं की येणारच; ते आत धरून ठेवायला ही रिंग होती. ती आणि तिची थोरली जाऊ लाँड्रीत इस्पितळाच्या चादरी पिळायच्या. पिळायचं यंत्र बंद होतं. ते आता दुरुस्त होणार नाही, असं पंप-मोटारी दुरुस्त करणाऱ्या धाकटीच्या नवऱ्यानंच मालकाला सांगितलं होतं. तेव्हापासून दोघी जावा समोरासमोर उभ्या राहत, ओल्या चादरीचं एकेक टोक धरत, थोरली "घे" म्हणे आणि दोघी आपापल्या उजवीकडे पीळ भरत. नऊ वर्षं दुसरा शब्द लागला नव्हता.

सिस्टरनं नियम सांगितले होते. आठवड्यातून एकदा रिंग काढायची, कोमट पाण्यात साध्या साबणानं धुवायची, चीर पडलीय का बघायची, मधोमध दुमडून परत बसवायची. रक्त दिसलं किंवा वास आला तर तारखेची वाट न बघता यायचं. चीर पडलेली रिंग आत जाता कामा नये. धाकटी हे सगळं शनिवारी लाँड्रीच्या मोरीत उरकायची. घरात तेवढा आडोसा नव्हता.

एका शनिवारी नेमकं पाणी गेलं. तिनं रिंग जेवणाच्या रिकाम्या डब्यात ठेवली आणि घरी नेली. काही उरलंय का बघायला नवऱ्यानं डबा उघडला.

त्याचा जन्म रबरी रिंगांत गेला होता. पंपाची कुठली, कुकरची कुठली, डोळे मिटून सांगायचा. ही सांगता येईना. कुठल्या मशीनची, त्यानं विचारलं. तिनं खरं ते सांगितलं. त्याच्या डोक्यात एवढंच शिरलं, की बायकोनं आपल्याला न विचारता आत काहीतरी बसवून घेतलंय. म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून, म्हणजे कोणासाठी तरी. तिनं म्हटलं, सिस्टरला विचारा. त्यावर पहिली थप्पड बसली. मग दाराच्या चौकटीवर डोकं, दोनदा. ती खाली पडल्यावर त्यानं पोटात लाथा घातल्या. तिसऱ्या लाथेला तिचे दात तिच्याच ओठात घुसले. पलीकडच्या खोलीत मुलांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

रिंग त्यानं खिशात टाकली. पुढचे तीन दिवस धाकटी तिच्याविना पिळत राहिली. तिसऱ्या दिवशी अंग पूर्ण खाली आलं आणि कपड्याला घासून रक्त येऊ लागलं. फरशीवरचे थेंब थोरलीनं पाहिले. धाकटीनं सांगितलं, रिंग मिळाली नाही तर मला उभं राहता येणार नाही. थोरली विधवा होती. तिचा नवरा धाकटीच्या नवऱ्याचा थोरला भाऊ; त्याचा मार तिनं त्याच्या मरणापर्यंत खाल्ला होता.

"त्या घरात हात आधी उठतो," ती म्हणाली, "तोंड मागून."

चौथ्या दिवशी नवरा लाँड्रीत आला. मूठ वर करून त्यानं मालकाला आणि बायकांना रिंग दाखवली. "बघा, माझी बायको काय घालून फिरते." कोणी हसलं नाही. मालक आत गेला. नवऱ्यानं धाकटीला केसांना धरून हौदाकडे ओढलं, तिचं तोंड साबणाच्या पाण्यात दाबलं, वर काढलं, परत दाबलं. आज तुलाच धुऊन काढतो, म्हणाला.

थोरलीनं हातातली ओली चादर मागून त्याच्या गळ्यात टाकली. ती सैल करायला त्यानं रिंग धरलेली उजवी मूठ चादरीत खुपसली आणि मनगट तिथंच अडकलं. धाकटी खोकत उठली. चादरीचं दुसरं टोक तिच्यासमोर लोंबत होतं. तिनं ते धरलं.

"घे," थोरली म्हणाली.

दोघींनी आपापल्या उजवीकडे पीळ भरला. इस्पितळाची चादर जाड विणीची असते, ओली असताना फाटत नाही. पहिल्या पिळाला तो शिव्या देत होता. दुसऱ्याला शिव्या थांबल्या. तिसऱ्याला त्याच्या नाकातून रक्त आलं. पाय झाडताना एक लाथ धाकटीच्या गुडघ्यावर बसली, पण तिनं टोक सोडलं नाही.

"भावजी, मूठ उघडा," थोरली म्हणाली. त्यानं उघडली नाही.

चौथ्या पिळाला मनगट मोडलं. तो आवाज इस्त्रीच्या टेबलापर्यंत गेला. रिंग फरशीवर पडून घरंगळली. दोघींनी चादर सोडली तेव्हा तो गुडघ्यांवर कोसळला आणि ओकला.

धाकटी रिंगेमागे गेली. नळाखाली साबणानं धुतली, उजेडात धरून सावकाश फिरवली. एका जागी आरपार काप होता. आत काय आहे ते बघायला त्यानं ती केव्हाच ब्लेडनं चिरली होती, बंद पडलेली मोटर उघडावी तशी.

"ही आता चालत नाही," ती थोरलीला म्हणाली.

सिस्टरनं आधी फाटलेला ओठ पाहिला, मग खालच्या जखमा. जखमा भरेपर्यंत दोन आठवडे मलम दिलं, पिळण्याचं काम बंद करायला सांगितलं. त्या भरल्यावर पुन्हा सत्तरचंच माप घातलं. धाकटी खोकली, उकिडवी बसली, पायऱ्या चढली. तिसरी पायरी गेली, चौथी गेली. रिंग जागेवर राहिली.

ही कोणी काढून घेणार नाही ना, सिस्टरनं विचारलं. धाकटी म्हणाली, अजून महिनाभर त्याचा हात प्लास्टरमध्ये आहे.

"आणि महिन्यानंतर?"

उत्तर दाराशी बसलेल्या थोरलीनं दिलं.

"चादरी रोजच येतात."

सिस्टरनं तिच्याकडे पाहिलं, आणि कार्डावर पुढच्या तपासणीची तारीख घातली.